छातीठोक

अकरा मिनिटं वीस सेकंदांचा तो पाठ
मी मासेरूच्या माझ्या स्वयंपाकघरात चित्रित केला,
फ्रीज बंद करून, कारण त्याची घरघर
फुफ्फुसाच्या घरघरीत मिसळत होती.
भाचा उघड्या छातीने स्टुलावर बसला,
एका बर्गरच्या बोलीवर.
डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांमधल्या फटीत सपाट,
उजव्याचं त्यावर हातोडीसारखं,
मनगटातून, कोपरातून नाही.
हे मी तीनदा म्हणते. तिसऱ्यांदा जरा वैतागून.

मोखोत्लोंगच्या इस्पितळात सहा विद्यार्थी.
नेटवर्क येतं ते मेंढ्या कातरायच्या शेडमागे, टेकाडावर.
आळीपाळीने एकजण घोंगडी पांघरून वर जातो,
सगळ्यांचे फोन पिशवीत घेऊन,
आणि आठवड्याचे पाठ उतरवून आणतो.
फोन वर गेले की ॲप माझ्याकडे चहाड्या करतं:
कोण कुठे थांबलं, कोण मागे गेलं,
कोणाला सातव्या मिनिटाला झोप लागली.
त्सेपांगने हा पाठ सत्तावीस वेळा पाहिला.
दर वेळी ती अडते सहा मिनिटं चार सेकंदांवर,
जिथे मी म्हणते, "आवाज बदलला. ऐका."

शुक्रवारी मी घाट चढून पोचते,
चाकांना साखळ्या, बुटांत बर्फ.
शेगडीजवळच्या खाटेवर न्ताते लेखोआ,
बावीस वर्षं सोन्याच्या खाणीत काढून
छातीत तिथली धूळ घेऊन परतलेले.
त्सेपांग बोट ठेवते.
मनगट अचूक. कोन माझा. वैतागसुद्धा माझाच.
म्हातारा ताडकन दचकतो.
"पोरी, हात आहे का नदीतला दगड?"

हे पाठात नव्हतं.
मी नुकतीच कढत पाण्यात भांडी घासून आले होते,
आणि भाच्याने तक्रार करायला कारणच नव्हतं.

ती हात शेकते, काखेत दाबते, पुन्हा ठोकते.
काय ऐकलंस?
"बाई, सहा मिनिटं चार सेकंद."
बाकीचे पाच हसतात. ती हसत नाही.
"जागा कळते. पण तिथे एकच छाती होती, एकच आवाज.
इथे बाळ रडतंय, ट्रॉली, वारा.
छातीठोक नाही सांगता येत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात न्ताते म्हणतात,
"खाली उतरलो की आम्ही पहारीने छत ठोकायचो.
पोकळ वाजलं की पळायचं.
भरीव वाजलं की पाव खायला बसायचं.
यंत्रांच्या गोंगाटात कान काय कामाचा?
पहार हातात कशी थरथरते ते बघायचं."

न्ताते, छातीत उलटं असतं, मी सांगते.
पोकळ वाजतं ते बरं.
बद्द वाजतं तिथे पाणी.

ते हसतात, हसण्याचा खोकला होतो,
खोकला संपायला वेळ लागतो.
"म्हणजे ज्या नियमाने जगलो
त्याच्याच उलट नियमाने जाणार.
ठोक, पोरी."

ती डोळे मिटते. इयरफोन लावताना मिटत असेल तशी नाही.
बोट एकेक फट उतरतं,
एके ठिकाणी थांबतं, जणू भिंतीला टेकलं.
बॉलपेनने ती पाठीवर रेघ ओढते.
मी ठोकून पाहते. अठरा वर्षांचा हात माझा.
मी दोन बोटं खाली म्हटलं असतं.

सुईला पाणी लागलं तिच्या रेघेशी.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत, दिव्याखाली,
मी पाठाला सात सेकंद जोडले:
आधी हात गरम करा.
पहारीची गोष्टही जोडू का,
म्हणून सकाळी न्तातेंना विचारलं.
"किती जण ऐकणार?"
सहा.
"सहाच? खाणीत माझ्या हाताखाली चाळीस होते."
आणि कूस बदलून भिंतीकडे वळले.
हो म्हणाले की नाही, कळलं नाही.

सोमवारी ॲपचा अहवाल आला.
पाच जण नव्या सात सेकंदांवर थांबलेले.
त्सेपांगच्या नावापुढे शून्य.
ओरडावं की नाही,
मी अजून ठरवलेलं नाही.